चिंगीचा मोतीबिंदू पिकू देऊ नका

एका ताईंचं पत्र आलंय, मोठं होतं, मुद्द्याचं तेवढं देतो.

"डॉक्टरसाहेब नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, आमची केळी आहे. घरात चिंगी नावाची स्पिट्झ कुत्री आहे, आठ वर्षांची. दिवाळीच्या सुमारास हंडाभर पाणी प्यायला लागली, तपासलं तर शुगर निघाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मीच टोचते. आता दोन महिन्यांत दोन्ही डोळे पांढरे झाले, खाटेला धडकते. एक डॉक्टर म्हणाले फेको मशीनने करू, दुसरे म्हणाले मशीन नको, मोठा काप घेऊन टाक्याचं करू. आबा (सासरे) म्हणतात घाई कशाला, मोती पिकू दे. आणि सुरतच्या मामांच्या लॅब्रेडॉर कुत्र्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या डोळ्याची वरची काच नंतर निळी-दुधाळ झाली ती झालीच. मला एवढंच सांगा, कोणत्या ऑपरेशनने काच खराब होणार नाही? की करूच नको?"

ताई, आधी आबांचं घेतो, कारण तुमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच दिसतोय. आबांना विचारा, केळीचा घड झाडावर पिवळा होईपर्यंत ठेवता का? नाही ना, हिरवागार असतानाच कापून गाडीत भरता, पिकवायचं ते नंतर रायपनिंग चेंबरमध्ये. मोतीबिंदूचं हल्ली तसंच आहे. "पिकू द्या" हा सल्ला खोटा नव्हता, जुन्या काळात बरोबरच होता, तेव्हा मोठा काप घेऊन अख्खी लेन्स बाहेर काढायचे आणि पिकलेली लेन्स सुटायला सोपी म्हणून माणसातसुद्धा डॉक्टर थांबायला सांगायचे, आबांनी त्यांच्या वडिलांच्या वेळी तेच ऐकलं असणार. पण आता तुम्ही ज्या काचेची काळजी करताय ना, तिला सगळ्यात जास्त त्रास पिकून दगड झालेल्या मोतीबिंदूचाच होतो. कसा ते सांगतो, जरा लांबेल, चहा ठेवा.

त्याआधी एक टॉर्च घ्या. आपल्याकडे डोळ्यात पांढरं दिसलं की कोणी मोतीबिंदू म्हणतं, कोणी फूल पडलं म्हणतं आणि दोन्ही एकच समजतात, तसं नाहीये. संध्याकाळी खोलीत अंधार करून चिंगीच्या डोळ्यावर बाजूने, कानाच्या दिशेकडून उजेड टाका. डोळ्याचा तपकिरी भाग स्वच्छ दिसतोय आणि पांढरं त्याच्या मागे, मधल्या गोल भोकात दिसतंय, तर तो मोतीबिंदू, म्हणजे आतली लेन्स पांढरी झालेली. तपकिरी भागच धुरकट दिसतोय, म्हणजे पांढरं त्याच्या पुढे आहे, तर ती वरची काच, कॉर्निया, तिथे फूल आहे नाहीतर सूज आहे. आणि सात-आठ वर्षांच्या कुत्र्यात तिसराच प्रकार असतो, वयाने लेन्सचा मधला भाग घट्ट होऊन निळसर दिसतो पण कुत्र्याला दिसत असतं, तो मोतीबिंदू नाहीच आणि त्याला ऑपरेशनही नको. चिंगी खाटेला धडकते आणि शुगर आहे म्हणजे तिचा मोतीबिंदूच असणार, पण काच आत्ता किती स्वच्छ आहे ते बघून ठेवा, जमलं तर मोबाईलवर फोटो काढा, नंतर तुलनेला कामाला येतो.

आता काच. कुत्र्याची कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड, जरा जास्तच. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, षटकोनी फरशी बसवल्यासारखा. डोळ्यातलं पाणी सतत काचेत मुरायला बघतं आणि या पेशी ते उपसून बाहेर टाकतात. म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच समजा, फरक इतकाच की या चोवीस तास चालतात, इथे लोडशेडिंग नाही. मोटारी चालू तोवर काच कोरडी आणि पारदर्शक. मोटारी बंद पडल्या की रान चोपण होतं तशी काच पाणी पिऊन फुगते, निळी-दुधाळ होते. मामांच्या कुत्र्याला जे दिसलं ते हेच. मोती परत आला नव्हता, वरची काच पाण्याने फुगली होती.

आणि खरी अडचण पुढे आहे. विहिरीवरची मोटार जळली तर भुसावळला नाहीतर जळगावला रिवाइंडिंगवाला आहे, इथे नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात या पेशी मेल्या की त्या जागी नव्या जवळपास येत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून जागा झाकतात, बस. मांजराचं तसंच, माणसाचं तसंच. सशाच्या मात्र पुन्हा वाढतात, म्हणून सशावर एखादी पद्धत छान चालली असं कोणी सांगितलं तर कुत्र्यासाठी ते फार धरून चालू नये. तरुण कुत्र्यात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २५०० ते ३००० पेशी असतात, वयाने कमी होत जातात, आणि ५०० ते ८०० च्या आसपास आल्या की काच फुगायला लागते. म्हणजे शिल्लक बरीच असते. ऑपरेशन कोणतंही असो, त्यातून थोडी रक्कम खर्च होणारच, प्रश्न किती होते एवढाच. डॅशहुंड, चिवावा, बोस्टन टेरियर यांच्यात हा थर मुळातच कमजोर असू शकतो, स्पिट्झचं त्या बाबतीत तसं नाव नाही.

फेको म्हणजे काय, तर तीनेक मिलिमीटरच्या कापातून एक पोकळ सुई आत घालतात, ती सेकंदाला ४०००० च्या आसपास वेळा थरथरते, लेन्सचा भुगा करते आणि शोषून घेते. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन या डॉक्टरने हे माणसात आणलं, त्याला ती कल्पना दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्या बसल्या सुचली, दातावरचं किटण काढायचं थरथरणारं यंत्र बघून, आणि सुरुवातीचे प्रयोग त्याने मांजरांच्या डोळ्यांवर केले. म्हणजे हे मशीन माणसाकडून जनावराकडे आलं म्हणतात ते अर्धंच खरं.

मशीनचा काचेला त्रास कुठून होतो? सुई थरथरते तिची उष्णता, सुईभोवती पाणी वाहतं त्याचे भोवरे, त्यात भिरभिरणारे लेन्सचे तुकडे जे आतून काचेवर आपटतात, हवेचे बुडबुडे, आणि ते पाणी स्वतः, कारण लिटरच्या हिशोबात नसलं तरी बरंच पाणी त्या एवढ्याशा डोळ्यातून जातं. पाणी मध्येच अडलं आणि सुई चालूच राहिली तर कापाच्या जागी काच भाजते, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी पांढरी पडते. आता यात लेन्स जितकी कडक तितकी सुई जास्त वेळ चालवावी लागते. त्यात कुत्र्याची लेन्स आपल्यापेक्षा मोठी, माणसाची जाडीला ४ मिमीच्या आसपास आणि कुत्र्याची ७. मऊ असेल तर बरीचशी नुसती शोषून निघते. पिकून घट्ट झाली की फोडत बसा. बघा, आबांच्या सल्ल्याने नुकसान कुठे होतं ते.

आणि पिकण्याची दुसरी भानगड. फार दिवस राहिलेल्या मोतीबिंदूतून प्रोटीन पाझरतं, डोळा आतून सुजतो, ती सूज वरून फार कळतही नाही, डोळा जरा लाल, जरा मिचमिचा एवढंच. पण असा सुजलेला डोळा ऑपरेशनला नेला की सगळ्याच गुंतागुंती वाढतात. शुगरच्या कुत्र्यात तर हे फार भराभर होतं. साखर लेन्समध्ये शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढतं आणि लेन्स टम्म फुगते, कधी कधी तिचं वेष्टणच फाटतं. शुगर निघालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतोच, इन्सुलिन नीट देऊनसुद्धा, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका.

मोठ्या कापाचं ऑपरेशन म्हणजे दुसरे डॉक्टर म्हणाले ते. काचेच्या कडेने जवळपास अर्ध्या गोलाइतका काप, त्यातून लेन्सचं वेष्टण उघडून आतला सगळा ऐवज एकसंध बाहेर सरकवायचा. यात थरथरणारी सुई नाही, उष्णता नाही, ही जमेची बाजू. पण एवढा काप घेतला की कुत्र्याचा डोळा फुगा सोडल्यासारखा बसतो, आतला तपकिरी भाग बाहेर यायला बघतो, आणि ती मोठी लेन्स बाहेर येताना काचेच्या आतल्या फरशीला घासत येते. वर टाके, बारीक म्हणजे केसाहून बारीक, पण बरेच. जखम मोठी म्हणून सूज जास्त, व्रण राहतो, काच थोडी वाकडी होते, व्रणावर रक्तवाहिन्याही चढू शकतात. माणसांच्या शिबिरात एक मधला प्रकार चालतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरका बोगदा करून छोट्या कापाने लेन्स काढायची, टाकाही लागत नाही. कुत्र्यात तो करतात, पण टाके घालावेच लागतात, त्यांच्या डोळ्याचा तो पांढरा भाग लवचिक, जखम आपोआप मिटत नाही, आणि पेशंट घरी जाऊन डोकं झटकणार.

मग माझं मत काय? चिंगीचे डोळे दोन महिन्यांतच पांढरे झालेत, लेन्स बहुधा अजून मऊ आहे, तर फेको, आणि लवकर. पण हे मशीनच्या नावाला बघून सांगत नाहीये. लेन्स खरंच दगड झालेली असेल तर अर्धा तास फेको दामटण्यापेक्षा मुरलेल्या हाताचं मोठ्या कापाचं ऑपरेशन काचेला बरं, हे मी उलट बाजूनेही मानतो. मी डोळ्यांचा सर्जन नाही, तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी-बैल केले, पण अशा ऑपरेशनांना शेजारी उभा राहून बघितलंय, आणि एक गोष्ट दर वेळी दिसली. चांगला सर्जन मध्ये मध्ये थांबतो आणि सिरिंजने पारदर्शक जेल भरतो. हे जेल, मधासारखं चिकट, काचेच्या आतल्या थरावर गादीसारखं बसतं, तुकडे आपटले तर त्यावर आपटतात. एकदा भरलेलं पाण्याबरोबर वाहून जातं म्हणून पुन्हा भरायचं. आणि शेवटी नीट धुऊन काढायचं, राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं. जेल महाग असतं. एका ठिकाणी, नाव नको, एकच सिरिंज पूर्ण ऑपरेशनला पुरवताना पाहिलीय आणि दुसऱ्या दिवशी ती काच कशी होती तेही पाहिलंय.

तर दोन्ही डॉक्टरांना विचारा, लाजू नका, चांगला डॉक्टर चिडत नाही. कुत्र्यांचे मोतीबिंदू तुम्ही स्वतः किती केलेत. जेल कोणतं आणि किती वापरता. लेन्स बसवणार असाल तर कुत्र्याची बसवणार ना, कारण कुत्र्याला साधारण ४१ नंबरची लागते, माणसाची वीसेकची असते, ती टाकून उपयोग नाही. भूल देताना डोळा मध्यभागी ठेवायला स्नायू सैल करायचं औषध आणि श्वासाची सोय आहे का, कारण भुलीत कुत्र्याचा डोळा खाली वळतो आणि मग सर्जन आडवातिडवा काम करतो, त्याचाही मार काचेलाच. ऑपरेशनआधी अश्रूंची तपासणी (कागदाची पट्टी लावतात, मिनिटाला १५ मिमी ओली झाली म्हणजे ठीक), हिरव्या रंगाची जखम तपासणी, डोळ्याचं प्रेशर, सोनोग्राफी आणि मागच्या पडद्याची ईआरजी (पडदा उजेडाला प्रतिसाद देतो का ते बघणारी तपासणी) करणार का. पडदाच कामातून गेला असेल तर समोरून काच चकाचक ठेवून काय करायचं? परळच्या व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात किंवा नाशिक-पुण्याच्या डोळ्यांवर काम करणाऱ्या व्हेटकडे दुसरं मत घेतलं तरी दोन्ही डॉक्टरांचा अपमान होत नाही.

शुगरमुळे चिंगीचं एक वेगळं आहे. अशा कुत्र्यांच्या काचेची जाणीव बोथट झालेली असते, अश्रूही कमी असू शकतात, म्हणजे काचेवर ओरखडा पडला तरी ती डोळा मिटत नाही आणि आपल्याला कळत नाही. म्हणून ऑपरेशननंतर ती शांत आहे म्हणजे सगळं छान आहे असं धरू नका, रोज टॉर्च मारा. दुसरं, स्टेरॉइडचे थेंब सूज उतरवायला लागतातच, पण त्यांनी शुगर वर जाऊ शकते, तेव्हा इन्सुलिन देणाऱ्या डॉक्टरला आधी कळवा. आणि चिंगीचं गर्भाशय काढलंय का ते पत्रात नाही. नसेल तर त्याबद्दलही विचारा, माजानंतरच्या हार्मोनने कुत्रीची शुगर हाताबाहेर जाते.

स्टेरॉइडवरून माझीच एक गोष्ट. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं, पारोळ्याकडचा एक खिल्लारी बैल, पोळा आठ दिवसांवर, डोळ्यातून पाणी आणि काचेवर फूल. हिरवा रंग टाकून जखम बघायला हवी होती, दवाखान्यात त्या रंगाच्या पट्ट्या संपलेल्या, मी आपलं सूज दिसतेय म्हणून स्टेरॉइडचं मलम दिलं. खाली जखम होती. चौथ्या दिवशी मालक दारात, नुसतं म्हणाला, "डाक्टरसाहेब, डोया ग्या." बैलाला पोळ्याला सजवलं, शिंगं रंगवली, त्या डोळ्यावर मात्र झूल ओढून ठेवली होती. मी आजही स्टेरॉइडचा थेंब लिहायच्या आधी पट्टी शोधतो. तुमच्या घरात मागच्या कुठल्या आजाराची अर्धी उरलेली बाटली असेल तर ती चिंगीच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. मध, मीठ-तंबाखूची पिंक, उगाळलेलं काहीही तर नकोच नको, ते आबांनाही सांगा.

मामांच्या कुत्र्याचं नक्की काय झालं ते इथून कोणी सांगू शकत नाही. पेशी आधीच कमी असतील, सुई फार वेळ चालली असेल, नंतर प्रेशर वाढलं असेल. कधी कधी आतला पातळ थर सुटतो. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस कापाजवळ थोडी निळसर झाक बऱ्याच डोळ्यांत असते आणि ती दिवसागणिक उतरते, त्याला घाबरू नका. झाक वाढत चालली, काचेवर फोड दिसले, डोळा घट्ट मिटला, पाणी धो धो यायला लागलं, तर त्याच दिवशी निघा, विशेषतः पहिल्या एक-दोन दिवसांत, तेव्हा प्रेशर चढतं. राहिलेल्या सुजेला ५ टक्के मिठाचं मलम देतात, ते काचेतलं पाणी थोडं ओढतं, पण बंद पडलेल्या मोटारी चालू करत नाही. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेचा पदर काचेवर चढवणं, कॉर्निया बदलणं असे उपाय आहेत, आपल्या भागात सहज मिळणारे नाहीत.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या, पट्टा ओढला की डोळ्याचं प्रेशर वाढतं. प्लास्टिकचा शंकू दोन-तीन आठवडे, ती कितीही केविलवाणी दिसली तरी. थेंब दिवसातून चार-चार वेळा, दोन औषधांत पाच-दहा मिनिटं अंतर, केळीच्या कामाच्या दिवसात हे कोण करणार ते आधी ठरवा, कारण इथेच जास्त ऑपरेशनं वाया जातात. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा, धुळीचा वारा, तेव्हा तिला अंगणात नको, आतल्या खोलीत कूलरजवळ. जमत असेल तर त्या आधीच उरका, पण उन्हाळा टाळायच्या नावाखाली पावसाळ्यापर्यंतही ढकलू नका.

करूच नको का, हाही तुमचा प्रश्न होता. खर्च झेपत नसेल, थेंब घालायला माणूस नसेल, तर न करणं हा गुन्हा नाही. आंधळं कुत्रं घर पाठ करतं, खाट आणि पाण्याचं भांडं जागेवरून हलवू नका, हाक मारून जवळ जा. पण तेव्हाही सूज उतरवायचे थेंब आणि अधूनमधून प्रेशर तपासणं सुटत नाही, नाहीतर त्या डोळ्यात काचबिंदू होतो आणि तो ठणकतो.

करायचं ठरलं तर एक काम नक्की करा. त्या सकाळी चिंगीला उपाशी ठेवायची का, कधीपासून, आणि इन्सुलिन नेहमीएवढं की अर्धं, हे ऑपरेशन करणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकलेलं नको. रावेरहून पहाटे गाडीत बसलात की मध्ये कुठे विचारणार? इन्सुलिनची बाटली बर्फाला थेट न लावता, कापडात गुंडाळून थर्मासमध्ये.